“माझे लक्ष नव्हते” : किनाऱ्यावरचे रस्ते, गाडी चालवणारे आणि चालणारी माणसे

समुद्रकाठची शिक्षिका

मी रत्नागिरी तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावात माध्यमिक शाळेत शिकवते. गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा आमच्या आठवीतल्या एका मुलीला सायकलवरून घरी जाताना मागून आलेल्या मोटारीच्या आरशाचा धक्का लागला आणि ती कडेच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आपटली. डाव्या मनगटाचे हाड मोडले, कपाळाला टाके पडले. जिवावर बेतले नाही, एवढेच समाधान. निरोप मिळताच मी पाच मिनिटांत तेथे पोहोचले. सायकलच्या पुढच्या चाकाची रिंग वाकून चिमट्याला घासत होती, कॅरिअरला अडकवलेल्या दप्तरातून कंपासपेटी उघडी होऊन गवतात पडली होती आणि तिची धाकटी बहीण त्या गवतातून एकेक पेन्सिल गोळा करत होती.

मोटार चालवणारा तरुण पळून गेला नाही, हे मी आवर्जून नोंदवते. त्यानेच मुलीला गाडीत घालून दवाखान्यात नेले, खर्चही दिला. तो पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत होता, “मॅडम, खरंच सांगतो, माझं लक्ष नव्हतं. मोबाइलवर पुढचं वळण बघत होतो.” जमलेल्या मंडळींपैकी दोघेतिघे म्हणाले, “होतं असं कधी कधी.” त्या संध्याकाळपासून मला बेचैन करणारी गोष्ट ती आहे. तोच तरुण “मी दारू प्यायलो होतो” असे म्हणाला असता, तर त्याच माणसांनी त्याला गाडीतून खाली ओढले असते. लक्ष नव्हते म्हटल्याबरोबर मात्र सगळ्यांना ते खरे, साधे आणि क्षमा करण्याजोगे वाटले. मुलीच्या मनगटाला या दोन कारणांतला फरक कळला नसेल.

आमचा रस्ता तसा सुंदर आहे, आणि तोच त्याचा धोका आहे. आरे-वारेच्या बाजूने जाणाऱ्यांना डोंगरउतारावरून अचानक समुद्र दिसतो, आणि त्या क्षणी चालकाची नजर रस्ता सोडून पाण्याकडे जाते. शाळा सुटते पाचला. पश्चिमेकडे उतरणाऱ्या गाडीच्या काचेवर तेव्हा समोरून ऊन येते. भाद्रपदात कडेचे रान कमरेइतके वाढलेले असते, त्यामुळे मुलांना साइडपट्टीवरून चालता येत नाही, डांबरावरच यावे लागते. या तीन गोष्टी एका वेळी जुळल्या की हाती मोबाइल नसलेला चालकसुद्धा अर्धा आंधळा असतो.

या धाग्यावर दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. आपापल्या गावी असे प्रसंग आले असतील, तर पुढे काय केले? आणि जे स्वतः गाडी चालवतात, त्यांनी प्रामाणिकपणे सांगावे की नजर नेमकी केव्हा आणि कशी हलते.

---

निवृत्त चालक, एसटी

ताई, मुलगी लवकर बरी होवो. मी तीस वर्षे एसटीच्या स्टिअरिंगवर काढली, त्यातली बरीचशी किनाऱ्याच्याच फेऱ्यांवर, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

चालकाची नजर जिथे गाडी असण्याची शक्यता आहे तिथेच जाते. समोरून ट्रक येईल का, डंपर येईल का, हे तो पाहत असतो. कडेने चालणारी म्हातारी त्याच्या डोळ्यांपुढून जाते, पण मनात तिची नोंद होत नाही, कारण मनाने तिची अपेक्षाच केलेली नसते. अपघातानंतर “दिसलीच नाही” असे म्हणणारा माणूस पुष्कळदा खोटे बोलत नसतो, आणि म्हणूनच ती सवय मोडणे अवघड असते. आम्हाला नव्याने गाडी दिली तेव्हा जुन्या चालकांनी शिकवले होते की वस्ती लागली की तोंडाने पुटपुटायचे: म्हातारा, शाळेची मुले, सायकल, गुरे. जे दिसेल त्याचे नाव घ्यायचे. नाव घेतले की डोळ्यांनी पाहिलेले मनापर्यंत पोहोचते. मी निवृत्त होईपर्यंत तसे केले.

दुसरी गोष्ट काचेच्या कडेच्या उभ्या खांबाची. वळण घेताना त्या खांबाआड एक सायकलस्वार पूर्ण झाकला जातो. गाडी वळते त्या वेगाने तोही पुढे सरकत असेल, तर वळण संपेपर्यंत तो खांबाच्या आडच राहतो. उपाय एवढाच की वळणावर मान आणि खांदे पुढे घेऊन खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाहायचे. आता तर मंडळी काचेच्या मध्यावर मोबाइलचा स्टँड लावतात आणि रस्त्याची डावी कड, म्हणजे नेमकी जिथून माणसे चालतात तीच जागा, झाकून टाकतात.

तिसरे, थांबलेल्या एसटीला ओलांडताना गाडी माणसाच्या चालीवर आणावी. उतरलेला प्रवासी गाडीच्या पुढून रस्ता ओलांडतो. आम्ही वरच्या सीटवरून त्याला पाहतो, मागून भरधाव येणाऱ्याला तो दिसत नाही. आम्ही हात बाहेर काढून मागच्याला थांबवायचो. पूर्वी लोक थांबत.

---

पुण्याहून येणारा

आपण प्रामाणिकपणे सांगा म्हटले आहे, म्हणून लिहितो. माझी सासुरवाडी गुहागरची आहे आणि वर्षातून पाच-सहा वेळा मी स्वतः गाडी चालवत येतो. घाट उतरून चिपळूणला आलो की डोक्यात “आता पोहोचलोच” अशी भावना येते आणि शेवटचे चाळीस-पन्नास किलोमीटर मी सर्वांत वाईट चालवतो. पाठ दुखत असते, मुले मागे भांडत असतात, आणि मोबाइलवरच्या नकाशात पोहोचण्याची वेळ दिसत असते. ती दोन मिनिटांनी कमी झाली की बरे वाटते. नकाशावर महामार्ग आणि वाडीतला रस्ता सारख्याच निळ्या रेषेने दाखवतात. त्या रेषेच्या कडेला कोणाचे अंगण आहे, शाळा आहे, हे ती सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी, संध्याकाळी, एक वृद्ध गृहस्थ मला आरशात दिसले. गाडीच्या मागे, रस्त्याच्या कडेला, काठी टेकून थांबलेले. मी त्यांच्या शेजारून गेलो होतो आणि समोरून मला ते दिसलेच नव्हते. काही झाले नाही, पण मी पुढच्या नाक्यावर गाडी थांबवली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. तेव्हापासून मोबाइल समोरच्या कप्प्यात बंद असतो आणि रस्ता सांगण्याचे काम पत्नी करते.

एक मात्र नम्रपणे मांडतो. रात्री गडद कपड्यांत, रहदारीकडे पाठ करून, तिघेचौघे आडवे चालणारी माणसे मी अनेकदा पाहिली आहेत. त्यांच्याकडूनही काही अपेक्षा ठेवायला हवी.

---

हर्णैची लेक

पुण्याच्या दादांना उत्तर देते. माझी आई मासे विकते. पहाटे अंधारात बंदरावरून निघून ती आजूबाजूच्या वाड्यांवर जाते. डोक्यावर टोपली असली की मान वळत नाही. मागे पाहायचे तर सगळे अंग फिरवावे लागते, आणि ओल्या टोपलीसह ते दर गाडीला करता येत नाही. मागून येणाऱ्याने आपल्याला पाहिले आहे, यावर तिला रोज विश्वास ठेवावा लागतो.

तिच्या टोपलीला आणि पदराच्या टोकाला मी चमकणारी पट्टी शिवून दिली आहे. ती लावते. पण ते आमच्याकडून झाले. गाडीवाल्याकडून काय, हा प्रश्न उरतोच.

---

कुडाळचा सायकलस्वार

पायी चालणाऱ्याने पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे चालावे, हा नियम बरोबर आहे आणि शाळांतून शिकवायला हवा. पण आपल्या रस्त्यांवर तो डोळे मिटून पाळता येत नाही. उजवीकडे वळणाऱ्या रस्त्याची आतली कड गडग्याला किंवा दरडीला चिकटलेली असते. त्या कडेने चालणारा माणूस समोरच्या गाडीला अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. अशा वळणाआधीच बाहेरच्या कडेला जावे आणि वळण संपल्यावर परत यावे. सायकलवाल्याला तर डावीकडूनच जायचे असते; मागून येणाऱ्याच्या लक्षावर तो पूर्णपणे अवलंबून असतो.

आमच्याकडे महामार्ग चौपदरी झाल्यापासून वेगळीच अडचण आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ ने अनेक गावांचे दोन तुकडे केले. शेत एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला, आणि भुयारी मार्ग लांब. मग माणसे मिडलकटवर, म्हणजे दुभाजकातल्या मोकळ्या जागेत, येऊन उभी राहतात, किंवा दुचाकीवाले उलट दिशेने कडेकडेने येतात, आणि त्याच कडेने आम्ही सायकलवरून जात असतो. ताशी ८०-९० ने येणाऱ्या चालकाला तो रस्ता इतका सरळ आणि मोकळा वाटतो की समोर पाहत राहण्याची गरजच वाटत नाही. अरुंद रस्त्यावर तो निदान घाबरून पाहतो.

बाजारातल्या एका छोट्या सवयीविषयी सांगतो. मालवणच्या किंवा सावंतवाडीच्या बाजारपेठेत उभ्या मोटारीचे दार एकदम उघडते आणि सायकलवाला त्यावर आपटतो. चालकाने उजवे दार डाव्या हाताने उघडावे. हात आडवा नेला की खांदा आणि मान आपोआप मागे वळतात आणि येणारा दिसतो. मी घरातल्या सर्वांना हे लावून दिले आहे आणि आठवड्याभरात ते अंगवळणी पडते.

---

रस्तेबांधणीतला माणूस (निवृत्त)

धागा वाचून थोडे आकडे मांडावेसे वाटले, कारण “क्षणभर लक्ष गेले” या शब्दांत किती अंतर दडलेले असते हे मोजून पाहिल्याशिवाय पटत नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. नकाशावरचे वळण पाहायला चार सेकंद लागले, तर गाडी ६७ मीटर गेली. एकामागे एक सहा एसटी गाड्या उभ्या केल्या तर साधारण तेवढी लांबी होते, आणि तेवढे अंतर चालकाने न पाहता कापलेले असते. रस्त्याची आखणी करताना आम्ही भारतीय रोड काँग्रेसच्या (आयआरसी) संकेतांप्रमाणे, म्हणजे रस्तेबांधणीच्या प्रमाण नियमांप्रमाणे, गृहीत धरतो की चालकाला धोका कळून ब्रेकवर पाय जायला अडीच सेकंद लागतात. त्या हिशेबाने गाडी सुरक्षितपणे थांबायला ताशी ६० ला ८० मीटर, ताशी ४० ला ४५ मीटर आणि ताशी २५ ला २५ मीटर मोकळी दृष्टी लागते. आता ताईंच्या रस्त्यावरच्या वळणाचा विचार करा. गडगा, वाढलेले रान आणि चढण यांमुळे तेथे २५ मीटरही दिसत असतील की नाही, याची मला शंका आहे. म्हणजे त्या वळणावर रस्ताच सांगतो की ताशी २५. पूर्ण लक्ष असलेल्या चालकालाही त्याहून जास्त वेगाची मुभा नाही. लक्ष नसलेल्याची तर गोष्टच सोडा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याला अपघाताची शक्यता सुमारे चौपट असते, आणि हात मोकळे ठेवून बोलल्याने ती फारशी कमी होत नाही, कारण अडचण मनाच्या गुंतण्याची असते. अनेकांना वाटते की कानात यंत्र घातले की झाले. तसे नाही.

आमच्या बाजूने काय चुकते, तेही सांगतो. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढवला जातो, पण साइडपट्टीत मुरूम भरून ती समतल केली जात नाही. डांबराच्या कडेला चार-सहा इंचांची पायरी तयार होते. सायकलचे चाक त्या पायरीवरून उतरले की सायकलस्वार तोल जाऊन रस्त्याकडे पडतो, म्हणून तो कडेपासून दोन फूट आत चालवतो. मग मागचा चालक हॉर्न वाजवतो आणि म्हणतो, “मधून चालवतात.” पायी चालणाऱ्यांच्या सोयींसाठी असलेल्या आयआरसी १०३ या संकेतात पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर सांगितली आहे. गावातल्या शाळेपासून बस थांब्यापर्यंत तेवढा पदपथ मागणे म्हणजे चैन नव्हे.

आणखी एक. अपघातप्रवण ठिकाण, म्हणजे ब्लॅक स्पॉट, ठरवण्याचा केंद्राचा निकष राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू, असा आहे. वाडीतल्या रस्त्यावर मोडलेले एक मनगट या मोजणीत कधीच येणार नाही. तेथे गावानेच बोलले पाहिजे.

---

किनारी भागात वकिली करणारा

ताई, आपण लिहिलेल्या प्रसंगात पोलिसांकडे नोंद झाली का? बहुधा नसावी. आपल्याकडे खर्च दिला की प्रकरण आपसांत मिटते, आणि चालक सज्जन असेल तर तक्रार करणे कृतघ्नपणाचे वाटते. पण नोंद नसेल तर पुढे मुलीच्या मनगटात व्यंग राहिले, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, तर गाडीच्या विम्याकडून भरपाई मागणे फार अवघड जाते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मर्यादा घातलेली आहे. नोंद करणे म्हणजे त्या तरुणाचा सूड घेणे नव्हे. तृतीय पक्षाचा विमा अशाच प्रसंगासाठी सक्तीचा केलेला असतो.

“लक्ष नव्हते” हा कायद्यात बचाव नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर हातात संपर्कसाधन धरून गाडी चालवणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत वाढली आहे.

जखमीला उचलायला लोक घाबरतात, म्हणून हेही सांगतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४-अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कोणतीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. १०८ ला फोन करा आणि जखमीजवळ थांबा. धडक देऊन चालक पळाला आणि गाडी सापडली नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि माझ्या अनुभवात फार थोडे लोक तो करतात.

शासनाच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे जवळजवळ पाचातला एक माणूस.

---

समुद्रकाठची शिक्षिका

वकीलसाहेब, आपला अंदाज खरा आहे. नोंद झाली नव्हती. मुलीच्या वडिलांना मी आपले लिहिणे वाचून दाखवले. ते दोन दिवस विचारात होते, मग आम्ही एकत्र जाऊन नोंद केली. त्या तरुणालाही आधी फोन करून कळवले. त्याने विम्याची कागदपत्रे स्वतःहून पाठवली.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. शाळेच्या दोन्ही बाजूंना गतिरोधक घालावेत अशी मागणी करावी, असे सध्या ठरत आहे.

---

रिक्षाचालक, मालगुंड बाजू

गतिरोधकाला माझा विरोध आहे आणि तो मनापासून आहे. मी रात्री-अपरात्री बाळंतिणीला, कमरेचे हाड मोडलेल्या म्हाताऱ्याला घेऊन जातो. गावोगावी जे उंचवटे घातलेत ते भिंतीसारखे उभे आहेत, रंग नाही, फलक नाही. रिक्षाचे लहान चाक त्यावर चढले की मागचा पेशंट किंचाळतो. पावसात त्यांच्या अलीकडे पाणी साचते आणि सायकलवाली मुले त्या पाण्याला टाळायला मध्ये येतात. कोणाचे लक्ष नाही, त्याची शिक्षा सगळ्यांच्या कमरेला का?

---

रस्तेबांधणीतला माणूस (निवृत्त)

आपली तक्रार रास्त आहे, पण ती चुकीच्या उंचवट्याविषयी आहे. आयआरसी ९९ प्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ ने त्यावरून गेले तर गाडी नुसती झुलते, आदळत नाही. आपल्याकडे दोन घमेली डांबर ओतून हातभर रुंदीचा उंचवटा करतात, त्याला गतिरोधक म्हणू नये. ठरावात “आयआरसी ९९ नुसार, आधी फलक, वर पांढरे पट्टे आणि कडेने पाणी जाण्यास वाट” असे शब्द घालावेत. नुसते “गतिरोधक बसवावा” असे लिहिले तर पुन्हा तीच भिंत उभी राहील.

---

निवृत्त चालक, एसटी

रिक्षावाल्या भावाला एवढेच म्हणेन की मी त्यांच्या बाजूचा आहे, पण शाळेसमोर नाही. ठरावात रान तोडण्याचाही विषय घ्या, आणि तो गणपतीच्या आधी, श्रावण संपताना व्हावा असे लिहा. चाकरमान्यांच्या गाड्या येतात तेव्हाच रान सर्वांत जास्त वाढलेले असते. वळणाच्या आतल्या बाजूचे रान कापले की दहा-पंधरा मीटर जास्त दिसते, आणि त्याला कोयत्याशिवाय काही लागत नाही.

---

समुद्रकाठची शिक्षिका

ग्रामसभेचे कळवते. रान तोडण्याचा ठराव एकमताने झाला आणि त्या आठवड्यातच वाडीतल्या मंडळींनी शाळेपासून वळणापर्यंतचे रान काढले. आता फाटकात उभे राहिले की वळणावरून येणारी गाडी पुष्कळ आधी दिसते. मी पावलांनी मोजले, पूर्वी २२ पावले दिसत होती, आता ४१. साइडपट्टी भरण्याची आणि वळणावर बहिर्गोल आरसा लावण्याची मागणी लेखी दिली आहे आणि तिची प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडेही पाठवली आहे. गतिरोधकावर मात्र तासभर वाद झाला. रिक्षाचालकांनी येथे लिहिले तेच तेथे दोघांनी मांडले, मी आयआरसी ९९ ची मापे वाचून दाखवली, तरीही निर्णय पुढच्या सभेवर गेला.

सभेत एका गृहस्थांनी पुन्हा म्हटले की लक्ष काय, कोणाचेही जाते. त्यांना मुलीच्या वडिलांनी उत्तर दिले. ते फार बोलणारे नाहीत. ते म्हणाले, “मी होडीवर असतो. माझं लक्ष गेलं तर मी बुडतो. गाडीवाल्याचं लक्ष गेलं तर माझी मुलगी पडते.” त्यानंतर त्या विषयावर कोणी बोलले नाही.

परवा प्लास्टर निघाले. मनगट अजून पूर्ण वळत नाही, व्यायाम सांगितला आहे. सायकलची रिंग आणि चिमटा बदलून झाला आहे आणि मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर बसवला आहे. सायकल आठ दिवसांपासून त्यांच्या पडवीत उभी आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगी सायकलने येणार की एसटीने, हे तिच्या आईने अजून ठरवलेले नाही.